ओ, यू, जी, एच

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हाची ही गोष्ट. आता ती चौथीत आहे, म्हणजे फार दिवस झाले असं नाही. तरी मी ती कोणाला सगळी सांगितलेली नाही. नवऱ्याला थोडी ठाऊक आहे, सासूबाईंना थोडी.

आमचं घर शहराबाहेर, मखमलाबादच्या पुढे, मळ्यातच आहे. सासरची माणसं पहिल्यापासून फुलं आणि भाजी करतात. गुलाब, शेवंती, ॲस्टर, मधल्या पट्ट्यात कोथिंबीर-मेथी. मी घोटीकडची, भातशेतीच्या गावातली. बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. इंग्रजीत पास झाले ते निबंध आणि अर्ज पाठ करून. पण या घरात मी शिकलेली सून. बँकेचा मेसेज आला, औषधाच्या बाटलीवर काही लिहिलेलं असलं, फवारणीच्या डब्यावरची बारीक अक्षरं असली, की सगळे माझ्याकडे येतात. सासूबाई तर शेजारणींना सांगतात, "आमच्या सूनबाईला इंग्लिश फडाफडा वाचता येतं." मी कधी त्यांना थांबवलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

मुलीला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट माझाच होता.

दुसरीत असताना तिच्या मॅडमनी एक काम दिलं. ओ, यू, जी, एच ही चार अक्षरं ओळीने ज्यात येतात असे शब्द वर्तमानपत्रातून शोधायचे, कापायचे आणि मोठ्या कागदावर चिकटवायचे. पालकांच्या ग्रुपवर लगेच कोणीतरी एका वेबसाइटची लिंक टाकली. तिथे अक्षरं टाकली की सगळे शब्द आयते मिळतात म्हणे. कोणी त्यांची रंगीत प्रिंट काढली, कोणी चकचकीत अक्षरात टाइप करून आणले. मी ठरवलं, मॅडमनी वर्तमानपत्र सांगितलंय तर आपण वर्तमानपत्रातूनच शोधायचे.

आणि वर्तमानपत्रांना आमच्याकडे तोटा नव्हता. गुलाबाच्या गड्ड्या गुंडाळायला रद्दी लागते. नवरा ती द्वारका चौकाजवळच्या एका दुकानातून आणतो आणि इंग्रजीच मागतो, कारण तिचा कागद जरा बरा असतो, पाण्याने लगेच फाटत नाही. लग्न होऊन आल्यापासून मी त्या कागदात गुलाब गुंडाळत होते. त्यावर काय छापलंय ते कधी वाचलं नव्हतं.

दुपारी शेडमध्ये गड्ड्या बांधायला बसलो तेव्हा मी, मुलगी आणि सासूबाई अशा तिघींनी शोधायला सुरुवात केली. सासूबाईंना मराठीच अडखळत वाचता येतं. इंग्रजीचा तर संबंधच नाही. त्यांनी विचारलं, "काय शोधायलीस गं पोरी?"

मुलगी म्हणाली, "आज्जी, ही चार लेटर्स. ओ, यू, जी, एच."

"मला नाय कळत असं. दाखव कशी दिसत्यात."

मुलीने एका मोठ्या मथळ्यातली चार अक्षरं बोटाने दाखवली. सासूबाईंनी कागद जरा लांब धरला, मग जवळ आणला. "म्हंजे आधी शून्य, मग पेला, मग कानातला डूल, मग खुर्ची. हां. कळलं."

खरोखर तसंच दिसतं ते. छापलेला जी डुलासारखाच लोंबतो. त्यानंतर त्यांनी देठांवरचे काटे काढता काढता पेपरची पानं उलटायला सुरुवात केली. शब्द कळत नसल्यामुळे त्यांची नजर वाचण्यात अडकत नव्हती. नुसतं शून्य-पेला-डूल-खुर्ची बघायचं. "हे घे." "हे बघ अजून एक." मुलगी कात्री घेऊन पळत होती. एकदा त्यांनी एक शब्द दाखवला तर तो निघाला डॉटर. मुलीला तो फार आवडला, कारण त्याचा अर्थ तिला माहीत होता. पण त्यात चारांपैकी पहिलं अक्षर ए होतं, ओ नव्हतं. बारीक छपाईत ते पोट फुगलेलं अक्षर शून्यासारखंच दिसत होतं. मुलगी म्हणाली, "असू दे ना." मी तो काढून टाकला. चुकीचं काही जाता कामा नये, याबद्दल मी फार दक्ष होते.

कागद भरला. मग मुलीने विचारलं, "मम्मी, हे म्हणायचे कसे?"

मी सांगितलं. थ्रू मला माहीत होता. थॉट, बॉट, ब्रॉटही आठवले, क्रियापदांची रूपं पाठ केलेली होती. बाकीच्यांचं काय? मी विचार केला, स्पेलिंग तर सारखंच आहे. मग अक्षरं दिसतात तसे म्हटले. आर-ओ-यू-जी-एच, रोघ. टी-ओ-यू-जी-एच, टोघ. सी-ओ-यू-जी-एच, कोघ. मुलगी माझ्यामागून म्हणाली, रोघ, टोघ, कोघ. सासूबाईही काटे काढत गंमत म्हणून म्हणाल्या. शेडमध्ये तिघींचा तो पाढा बराच वेळ चालला.

मोबाइलला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण आपलं चुकतंय असं वाटलं तर माणूस विचारणार. मला तसं वाटलंच नव्हतं.

शनिवारी शाळेत मुलांनी आपापला कागद दाखवायचा होता, सोबत आई किंवा वडील. मी ठेवणीतली साडी नेसले. वर्गात बाकं भिंतीला लावली होती आणि पालक लहान लहान खुर्च्यांवर कसेबसे बसले होते. आमचा कागद बघून मॅडम म्हणाल्या, "अरे वा, हे खरंच पेपरमधून कापलेत!" मला वाटलं, जिंकलो आपण.

मुलीने पहिले शब्द नीट वाचले. थ्रू. थॉट. बॉट. मग पुढच्या शब्दावर थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. मॅडम म्हणाल्या, "मम्मा, यू हेल्प हर."

मी मोठ्या आवाजात म्हणाले, "रोघ."

मागून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, कोणाचं तरी पोर काहीतरी करत असेल. मी पुढचा वाचला, "टोघ." आता जास्त जण हसले. तरीही मी थांबले नाही. थांबायचं असतं हे सुचलंच नाही. "कोघ," मी म्हणाले. पुढच्या रांगेत बसलेली एक आई, तिच्या नवऱ्याची अंबडच्या कारखान्यात मोठी नोकरी आहे असं मी ऐकून होते, ती तोंडावर रुमाल धरून म्हणाली, "अहो, रफ! रफ, टफ, कफ!"

रफ.

शाळेत माझ्याकडे रफ वही होती. बारावीला पेपर टफ गेला असं मीच घरी येऊन सांगितलं होतं. हे शब्द मी आयुष्यभर बोलत आले होते आणि ते समोर छापलेले असताना मला ओळखता आले नाहीत. कफचं तर काय सांगू? कफ म्हणजे छातीत होतो तो, आपलाच शब्द, असं मी धरून चालले होते. औषधाच्या बाटलीवरचा कफ वेगळा आहे आणि तो इंग्रजीत असा लिहितात, हे त्या दिवशी कळलं. आणि घरात ती बाटली वाचून दाखवणारी मीच.

मॅडम म्हणाल्या, "इट्स ओके, इट्स ओके," आणि पुढच्या मुलाचं नाव घेतलं. मी मुलीचा हात धरला होता. तिने तो सोडवून घेतला. झटकला नाही, हळूच सोडवून घेतला, आणि कागदाची गुंडाळी करत जागेवर जाऊन बसली. माझे कान तापले होते. उरलेला वेळ मी समोरच्या भिंतीवरचं फळांचं चित्र बघत बसले. साडी नेसून आल्याची लाज वाटली. आपण इतकं मोठ्याने का म्हणालो, याची सगळ्यात जास्त वाटली.

स्कूटीवर घरी येताना ती मागे कागदाची गुंडाळी धरून बसली होती. मळ्याच्या वळणावर म्हणाली, "मम्मी, नेक्स्ट टाइम पप्पांना पाठव."

मी म्हणाले, "बरं."

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय म्हनल्या मॅडम?"

"आवडलं त्यांना," मी सांगितलं. ते काही खोटं नव्हतं.

पुढच्या पालकसभेला मी नवऱ्याला पाठवलं. कारण सांगितलं नाही, डोकं दुखतंय म्हणाले. तो बाजारातून परस्पर गेला, शर्टावर शेवंतीच्या पाकळ्या तशाच. परत आला आणि जेवायला बसला. मी विचारलं, "काय झालं?"

"काय व्हायचं? त्या बाई इंग्लिशमध्ये बोलायला लागल्या. मी म्हणालो, मॅडम, मला नाय येत, मराठीत सांगा. मग मराठीत सांगितलं. गणित चांगलंय म्हणे पोरीचं."

"कोणी हसलं नाही?"

"कशाला हसतील?" त्याने भाकरी मोडली. "चटणी हाय का?"

मला त्याचा राग आला. मग हेवा वाटला. येत नाही म्हणायला त्याला काहीच लागलं नाही. आणि मला मात्र येतं असं म्हणवून घ्यायची सवय झाली होती. बँकेचा मेसेज आता कोणी माझ्यापुढे धरला की मी आधी मनात दोनदा वाचायचे. मोठ्याने वाचायचं तर टाळायचेच. "ठीक आहे, काही विशेष नाही," असं म्हणून फोन परत द्यायचे.

इकडे एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. सासूबाईंनी शोधणं थांबवलं नव्हतं. ते काम संपलं, कागद शाळेत जाऊन आला, हे त्यांना कळलं होतं. पण त्यांना वाटलं असावं की नातीला असे शब्द पुढेही लागतील. रोज दुपारी गड्ड्या बांधताना त्यांना शून्य-पेला-डूल-खुर्ची दिसली की त्या तेवढा तुकडा फाडून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकत. कात्री नसे म्हणून नखाने फाडलेले, कडा वेड्यावाकड्या. फुलबाजारात शेजारी बसणाऱ्या बाईलाही त्यांनी सांगून ठेवलं होतं, "नातीचं इंग्लिश आम्ही घेतो थोडंफार."

एके दिवशी मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि सासूबाईंनी तिच्यापुढे तो डबा ठेवला. "बघ किती जमलेत. लय हायेत."

मुलीने झाकण उघडून बघितलं. "आज्जी, हा कचरा आहे."

"कचरा कसा? तुझी ती चार अक्षरं हायेत की."

"नको मला! सगळे हसले आम्हाला त्याच्यावरून. तुला एबीसीडी पण येत नाही आणि मम्मीला पण नाही येत."

ती आत निघून गेली. मी पाण्याच्या मोटारीचं बटण बंद करून शेडच्या दारात आले होते. सासूबाईंचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. भाव पडला, माल परत आला, माणसं काहीबाही बोलून गेली, तरी त्या अशा दिसत नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग ते नीट बसलंय का ते दाबून बघितलं.

"कोण हसलं?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं. रोघ, टोघ, कोघ. रुमाल धरलेली बाई. पप्पांना पाठव म्हणाली ते.

"म्हंजे मी काढलेले शब्द खोटे होते?"

"नाही आत्याबाई, शब्द सगळे बरोबर होते. मला वाचता नाही आले."

त्यांनी मान हलवली. "मला वाटलं पोरीला लागतील," एवढंच म्हणाल्या आणि समोरचे गुलाब ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्या कागद नुसतेच गुंडाळत होत्या. डोळे वळत होते अक्षरांकडे, ते मला दिसत होतं, पण त्या ते परत फिरवत होत्या. शाळेतल्या शनिवारपेक्षा ते बघणं मला जड गेलं. माझ्यावर हसले ते परके लोक होते. इथे तर ती लाज मी पिशवीत घालून घरी आणल्यासारखी झाली होती, आणि आता ती माझ्या मुलीच्या तोंडून माझ्या सासूपर्यंत पोचली होती.

त्याच आठवड्यात मी तो डबा घेऊन शाळेत गेले. सुटल्यावर गेले, बाकीच्या आया निघून गेल्यावर. मॅडम फाटकाजवळच्या कट्ट्यावर रिक्षाची वाट बघत बसल्या होत्या. वयाने माझ्यापेक्षा लहान. मी पुढे जाऊन सरळ मराठीतच म्हणाले, "मॅडम, हे शब्द कसे म्हणायचे ते मला शिकवाल का? मला येत नाहीत."

इतकं म्हणायला घरापासून तिथपर्यंत मनात घोकत आले होते.

त्यांनी डबा उघडला. "हे कोणी काढले इतके?"

"सासूबाईंनी. त्यांना वाचता येत नाही. आकार बघून काढतात."

त्या बराच वेळ ते तुकडे बोटांनी चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी मी हसणाऱ्यांना थांबवायला हवं होतं." हातातला तुकडा त्यांनी परत डब्यात ठेवला. "खरं सांगू का, मलाही हसू आलं होतं. मी फळ्याकडे तोंड केलं. घरी गेल्यावर फार वाईट वाटलं मला."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण मला हे ठाऊकच नव्हतं. माझ्या मनात त्या दिवशी न हसलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मॅडम. मला पुन्हा तितकंच लाजल्यासारखं झालं, आणि समोर त्याही लाजून बसल्या होत्या. शेवटी मी म्हणाले, "रोघ ऐकल्यावर हसू येणारच." मग आम्ही दोघी थोडं हसलो, पण ते काही मोकळं हसणं नव्हतं.

रिक्षा आली तेव्हा त्यांनी तिला थांबायला सांगितलं आणि एकेक तुकडा उचलून म्हणून दाखवला. रफ, टफ, इनफ. हा दो, म्हणजे जरी. हा डो, म्हणजे मळलेली कणीक. ड्राउट म्हणजे दुष्काळ. मी विचारलं, "पण एकाच स्पेलिंगचे इतके उच्चार का? काहीतरी नियम असेल ना?"

"नाही हो. मुलांना पण हेच सांगते. हे एकेक लक्षात ठेवायचे."

नियम नाही हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. मी मोबाइल पुढे केला आणि त्यांनी सगळे शब्द त्यात बोलून दिले.

दुपारी शेडमध्ये मी ते लावायला लागले. मॅडमचा आवाज यायचा आणि मी मागून म्हणायचे. ओळखीचा आवाज ऐकून मुलगी घरातून धावत आली. "आमच्या मॅडम? तुझ्या मोबाइलमध्ये?"

"हो. मी विचारायला गेले होते."

"त्यांना सांगितलंस तुला येत नाही म्हणून?"

"सांगितलं."

ती एका पायावर उभी राहून ऐकत राहिली, मग आत गेली. सासूबाई गड्ड्या बांधत होत्या. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. डबा मी त्यांच्याजवळ ठेवला, तो त्यांनी परत फळीवर ठेवून दिला.

पुढच्या महिन्यात शाळेतून नवी अक्षरं आली. आय, जी, एच, टी. मुलगी चिठ्ठी घेऊन शेडमध्ये आली आणि माझ्याकडे न येता आजीपुढे उभी राहिली.

"आज्जी, ही शोधायचीत."

"मला कुठं येती बाई एबीसीडी," सासूबाई म्हणाल्या आणि सुतळीला गाठ मारली.

मुलगी तिथेच उभी. तिला सॉरी म्हणायचं होतं की नाही मला माहीत नाही. म्हणाली नाही. चिठ्ठीची घडी घालत होती, उघडत होती. मला मध्ये बोलावंसं वाटत होतं. पण मी बोलले असते तर ते मॅडमच्या इट्स ओकेसारखं झालं असतं. आणखी एक गड्डी बांधून झाली. मग सासूबाईंनी हात पदराला पुसला. "दाखव बरं. पयलं काय हे? काठीवर ठिपका?"

त्या वेळी मी स्वतःच शाळेत गेले. मुलगी ये म्हणाली नव्हती आणि नको असंही म्हणाली नव्हती. रोजचाच पंजाबी ड्रेस घातला. सगळे उच्चार आदल्या दिवशी मोबाइलवर ऐकून घेतले होते. ती रुमालवाली आई आली होती. माझ्याकडे बघून ती हसली, ओळखीचं साधं हसू असेल, पण माझे कान तापले ते तापलेच.

मुलगी एका शब्दाला अडली. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर दुसरीकडे नेली. मी म्हणाले, "फ्राइट. म्हणजे भीती." बरोबर होतं. तरी माझा आवाज इतका खाली गेला होता की मागच्यांना ऐकूच गेला नसेल. आधी चुकताना किती मोठ्याने बोलले होते मी.

कोणी हसलं नाही. कोणी शाबासही म्हणालं नाही. आम्ही दोघी जागेवर येऊन बसलो आणि पुढचा मुलगा आपल्या वडिलांना घेऊन उभा राहिला.